पखवाजासाठी पुलटेकचं कुठलं प्लगइन घ्यावं?

घरी भजन मिक्स करतोय. पखवाज, पेटी, टाळ आणि एक गायक. पखवाजाच्या कणकेच्या बाजूला वजन हवंय, पण साध्या ईक्यूवर (आवाजातले खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायचं साधन) ६० हर्ट्झ वाढवलं की सगळंच घुमतं. पुलटेक या जुन्या व्हॉल्वच्या ईक्यू यंत्राची नक्कल करणारं प्लगइन (मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) घे, असं दोघांनी सुचवलं. बजेट बेताचं आहे. खरंच फरक पडतो का?

प्रतिसाद १
पडतो, आणि त्याचं कारण सर्किटमध्ये आहे. न्यू जर्सीच्या पल्स टेक्निक्सने, म्हणजेच पुलटेकने, १९५० च्या दशकात ईक्यूपी-१ हा ईक्यू आणला. पुढच्या ईक्यूपी-१ए मध्ये खालच्या सुरांसाठी २०, ३०, ६०, १०० हर्ट्झ एवढेच पर्याय आहेत, पण वाढवायचा आणि कमी करायचा नॉब वेगळा. दोन्ही एकदम फिरवले तरी ते एकमेकांना पूर्ण खोडत नाहीत, कारण कमी करणारा थोडा वरपर्यंत पोचतो. म्हणून ६० वर ठेवलंत तर तळ उचलला जातो आणि २००-३०० च्या आसपास खळगा पडतो. तुमचं घुमणं बहुतेक तिथलंच आहे.

पैसे लगेच घालू नका. इग्नाइट अ‍ॅम्प्सचं पीटीईक्यू-एक्स फुकट आहे. अ‍ॅनालॉग ऑब्सेशनचं ‘रेअर’ नावाचं प्लगइनही बघा.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. एक कळकळीची विनंती: प्लगइन चालू-बंद करून ऐकताना आवाजाची पातळी आधी सारखी करा. मूळ यंत्रात फिल्टरमध्ये गेलेली पातळी व्हॉल्वचा अ‍ॅम्प भरून काढतो, आणि नक्कल नुसती लावली तरी आवाज थोडा बदलू शकतो. जे मोठं तेच कानाला चांगलं वाटतं. मी यात फसून एक महागडं प्लगइन घेतलंय.

धागाकर्ता
पीटीईक्यू-एक्स लावलं. ६० वर वाढवायचा नॉब ४, कमी करायचा ३. पातळी जुळवूनही घुमणं गेलं, गायकाचे शब्द सुटे ऐकू येतात! खूप आभार. आता टाळ टोचतात. तिथेही हेच लावू का?

प्रतिसाद १
लावा, पण वाढवू नका. वरचा कमी करायचा नॉब १० किलोहर्ट्झवर ठेवून अगदी थोडा फिरवा. ५ किलोहर्ट्झवर गेलात तर टाळांचा जीवच जाईल. एखादाच सूर टोचत असेल तर मात्र साध्या डिजिटल ईक्यूने बारीक कापा, पुलटेक त्या कामाचा नाही. आणि टाळ कुठल्याही व्हॉल्व-रंगाच्या प्लगइनमधून नेताना ओव्हरसॅम्पलिंग (आतलं गणित जास्त सॅम्पल रेटवर करायची सोय) चालू ठेवा, नाहीतर वरचे हार्मोनिक्स (मूळ सुरावर तयार होणारे जादा उंच सूर) उलटे खाली येऊन खरखर वाटते.