पाळणाघराचे पैसे माझ्याच पगारातून का वजा? नोकरीबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त पाककृती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच.

वय ३३, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. या कंपनीत सव्वाचार वर्षं झाली. लेक ११ महिन्यांची. २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण परत आले तर माझं मोड्यूल दुसऱ्याकडे, अप्रेझलमध्ये मधलं रेटिंग, आणि लीडची जागा माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुलाला. पोरगा हुशार आहे, राग त्याच्यावर नाही.

आता सासूबाई गुडघ्यांमुळे मिरजेला परत चालल्यात. कंपनीचं पाळणाघर आहे, पण शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, खराडीला! (पुणेकरांना अधिक सांगायला नको.) वाकडला घराजवळचं महिना १४ हजार, साडेसहाला बंद. माझा अमेरिकेचा कॉलच साडेसहाला सुरू होतो.

परवा नवऱ्याने एक्सेल मांडली. माझे हातात ६२ हजार. वजा पाळणाघर १४, स्वयंपाकाच्या मावशी ६, कॅब ८. "उरले ३४. एवढ्यासाठी कशाला ओढाताण? दोन वर्षं थांब घरी." तो वाईट नाही हो, रात्री उठून बाटली तोच देतो. पण सगळ्या वजाबाक्या माझ्याच रकान्यात? लेक दोघांची ना? त्यात आईचा फोन, "दुसरं पण लगेच उरकून घे."

दोन वर्षं थांबून टेस्टिंगमध्ये परतलेलं कुणी आहे का? पगार किती खाली आला? बिनपगारी रजा किंवा अर्धवेळ काम मागून मिळतं का?

प्राजक्त७९: अगं, निदान नऊ महिने तरी राजीनामा देऊ नकोस. पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) मिळते आणि बाळंतपणाची रजा त्यात सलग सेवा म्हणूनच धरतात. पीएफमधला कंपनीचा हिस्सा एक्सेलमध्ये धरलाय का? नसणारच. मी २०१४ला 'दोनच वर्षं' म्हणून थांबले, साडेचार झाली. परतले ती सोडतानाच्या पगारापेक्षा कमीवर, आणि मुलाखत घेणारी माझी जुनी ज्युनियर. चहा मात्र चांगला पाजला तिने.

सह्याद्रीकर: ताई, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय कायद्याने बंधनकारक आहे, तीही ठरावीक अंतरात. आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा आहे. हिंजवडीहून खराडीला चार खेपा कशा मारायच्या, एवढंच एचआरला विचारा. मेलवर विचारा, तोंडी नको. रजेनंतर घरून काम करण्याबद्दलही कायद्यात तरतूद आहे, पण ते कामाच्या स्वरूपावर आणि कंपनीच्या राजीखुशीवर.

धागाकर्ती: दोघांचे आभार. मेल टाकली. एक्सेलमध्ये नवऱ्याच्या पगाराचा रकानाही टाकून ठेवलाय, त्याने अजून उघडलेली नाही. तोवर वाकडमध्ये रात्री आठपर्यंत उघडं असणारं पाळणाघर कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा.