मदत हवी आहे: अर्ध्या भ्रूणात बीएमपीचं प्रमाण कसं जुळतं?

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या सेमिनारसाठी झेनोपस बेडकाच्या भ्रूणातलं बीएमपी (पेशींना पाठ-पोट ठरवायचा संदेश देणारं प्रथिन) सिग्नलिंग वाचतेय. ऑर्गनायझरमधून (भ्रूणाच्या पाठीकडचा, शरीराची आखणी ठरवणारा भाग) आलेली कॉर्डिन, नॉगिन ही प्रथिनं बीएमपीला धरून ठेवतात, रिसेप्टरपर्यंत (पेशीवरचं संदेश घेणारं प्रथिन) पोचूच देत नाहीत. म्हणून पाठीकडे सिग्नल कमी, पोटाकडे जास्त. टोलॉइड एन्झाइम कॉर्डिन कापतं आणि बीएमपी मोकळं होतं. इथवर ठीक.

पण ब्लास्टुला (भ्रूणाची सुरुवातीची, पेशींच्या पोकळ गोळ्याची अवस्था) अर्धा कापला तरी पाठीकडच्या अर्ध्यातून लहान, पण प्रमाणबद्ध टॅडपोल होतो! मग ग्रेडियंट (पाठीपासून पोटापर्यंत सिग्नलचा चढता क्रम) आकाराप्रमाणे आखडतो कसा? बीएमपी सिग्नल घटला की पाठीकडे एडीएमपी (बीएमपीसारखंच एक प्रथिन) वाढतं, हे पटलं. सिझल्ड हे प्रथिन मात्र डोक्यावरून जातंय. ते टोलॉइडला अडवतं, म्हणजे कॉर्डिन टिकतं; पण ते स्वतः बीएमपीमुळेच पोटाकडे तयार होतं ना? हे फीडबॅकचं चक्र कुणी टप्प्याटप्प्याने समजावेल का? हाताने काढलेली आकृतीही चालेल.