ब्लॉगरवरून वर्डप्रेसवर जाताना जुने दुवे कसे जपायचे?

लातूरकर: मराठवाड्यातल्या बारवांच्या नोंदींची साइट गूगलच्या ब्लॉगरवर आहे, डोमेन स्वतःचं. वर्डप्रेसवर न्यायचीय. दुवे तुटू नयेत म्हणून काय करावं?

नांदेडहून: आधी ब्लॉगरच्या सेटिंगमधून बॅकअप उतरवून घ्या. मराठी मथळ्यांना ब्लॉगर 'blog-post_12.html' छापाचे पत्ते देतो. आयातीनंतर ते बदलू शकतात. जुन्या-नव्या पत्त्यांची यादी करून प्रत्येकाला ३०१ पुनर्निर्देशन लावा, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला वाचक आपोआप नव्यावर जाईल. खरं काम हेच.

परभणीकर: नवे पत्ते रोमन लिपीत, आखूड ठेवा दादा. देवनागरीचं एकेक चिन्ह पत्त्यात ९ अक्षरं खातं, वर्डप्रेसची मर्यादा २००. म्हणजे बावीस चिन्हांपुढं मथळा कापला जातो. काना-मात्राही मोजल्या जातात बरं! फोटो तपासा, ते बऱ्याचदा गूगलच्याच सर्व्हरवर राहतात. डीएनएसचा (डोमेन कुठल्या सर्व्हरवर आहे ती नोंद) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरत्र साठून राहण्याची मुदत, साइट हलवायच्या आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणा, बदल लवकर पसरतो.