अनुभव : बायो गावातलं १०६६ आणि १९४४

हा धागा एका ओळीपायी काढतेय. फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात बायो नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या युद्ध-दफनभूमीसमोर रस्त्यापलीकडे एक पांढरं स्मारक उभं आहे. ज्या सैनिकांची कबर कुठे आहे तेच माहीत नाही, अशा १,८०० हून जास्त जणांची नावं त्यावर आहेत. वरच्या पट्टीवर लॅटिनमध्ये कोरलंय : विल्यमनं आम्हाला जिंकलं होतं, त्याच जेत्याची मायभूमी आज आम्ही मुक्त केली. हे ‘आम्ही’ म्हणजे ब्रिटिश, आणि ही मुक्ती १९४४ मधली, जर्मनांच्या ताब्यातून.

त्या दिवशी सकाळीच आम्ही तो विल्यम कापडावर पाहिला होता. नॉर्मंडीचा हा सरदार १०६६ मध्ये समुद्र ओलांडून गेला आणि इंग्लंडचा राजा झाला, ती सगळी हकिगत जवळजवळ ७० मीटर लांबीच्या कापडावर भरलेली आहे. झाडं तोडून गलबतं बांधणं, घोडे चढवणं, स्वयंपाक, लढाई, सगळं. एका प्रसंगात माणसं आभाळाकडे बोट दाखवताहेत, वर शेपटीचा तारा. तो हॅलेचा धूमकेतू! १९८६ साली बाबांनी मला गच्चीवर नेऊन हाच दाखवायचा प्रयत्न केला होता. काळोख्या दालनात त्या काचेपुढे मला बाबांची फार आठवण आली.

आणि संध्याकाळी ती ओळ. मधे ८७८ वर्षं गेलेली, पण लिहिणाऱ्यानं जुना हिशेब लक्षात ठेवला होता. तुमच्यापैकी कोणी तिथे गेलं असेल तर सविस्तर लिहा. मला ते गाव तुमच्या डोळ्यांनी पुन्हा बघायचंय.

*

ताई, मी भरतकाम शिकवते, सोलापूरला. त्या कापडी पटाला सगळे ‘टॅपिस्ट्री’ म्हणतात, पण ते विणलेलं नाहीच. तागाच्या कापडावर लोकरीच्या धाग्यानं केलेलं भरतकाम आहे. कापडाचे नऊ तुकडे जोडलेत. बाह्यरेषा देठटाक्यानं काढल्यात. आतला भाग भरताना आधी धागे शेजारी शेजारी पसरलेत, त्यांवर आडवे धागे टाकलेत आणि ते बारीक टाक्यांनी दाबून धरलेत. या पद्धतीत लोकर कापडाच्या मागे फारशी वाया जात नाही. एवढा मोठा पट भरायचा तर हे भान हवंच.

रंग तीनच वनस्पतींचे : लाल आपल्या मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांतून, निळा तिकडच्या नीळ देणाऱ्या झुडपातून आणि एक पिवळा. त्यांच्या मेळातून दहाएक छटा काढल्या आहेत. घोड्याचे अलीकडचे पाय एका रंगात, पलीकडचे दुसऱ्या, म्हणजे जवळचं-लांबचं कळतं. मी त्या घोड्यांपुढे इतकी रेंगाळले की मागच्या लोकांना पुढे जाऊ द्यावं लागलं.

विल्यमचा सावत्र भाऊ ओडो इथला बिशप होता. त्यानंच हे करवून घेतलं असावं असं मानतात, आणि काम बहुधा इंग्लंडात झालं. म्हणजे हरलेल्यांच्या बायकांनी जिंकणाऱ्यांची गोष्ट भरली असेल का? त्या हातांची नावं कुठेच नाहीत. पिंगुळीची चित्रकथी पाहताना मला एकेक चित्र पुढे सरकवत गोष्ट सांगणारे दिसतात. इथे चित्रं जागेवर आणि आपण सरकायचं.

*

जाणाऱ्यांसाठी : पटाचं संग्रहालय १ सप्टेंबर २०२५ पासून नूतनीकरणासाठी बंद आहे, २०२७ मध्ये उघडायचं ठरलंय. मधल्या काळात पट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये दाखवणार आहेत. बाकी गाव बघायला पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकावरून गाडी आहे, दोन-सव्वादोन तास लागतात.

*

मी तिकडे शिकत असताना मैत्रिणींबरोबर गेले होते. पट पाहायचा राहिला, पण कॅथीड्रल पाहिलं. १०७७ मध्ये खुद्द विल्यमच्या उपस्थितीत त्याचं अर्पण झालं. वरचं बरंचसं बांधकाम नंतरचं, उंच आणि उजेडाचं. पायऱ्या उतरून तळघरात गेलात की जुनं दगडी काम भेटतं, ठेंगणे खांब, आणि खांबांच्या वर वाद्यं वाजवणारे रंगवलेले देवदूत. हे चित्रण पंधराव्या शतकातलं. आम्ही तिघी तिथे कुजबुजतच बोलत होतो, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

बाहेरच्या गल्ल्या इतक्या अरुंद की १९४४ मध्ये ब्रिटिश रणगाडे आत जाईनात. मग इंजिनियर तुकड्यांनी गावाभोवती रस्ता काढला. आजचा वळसा रस्ता तोच.

*

सैन्यातून निवृत्त झालेला माणूस आहे, सातारा जिल्ह्यातला. मुलाकडे गेलो असताना त्यानं दफनभूमीत नेलं. फ्रान्समधली दुसऱ्या महायुद्धाची ही राष्ट्रकुलाची सर्वांत मोठी दफनभूमी, ४,६४८ कबरी. रांगा अशा सरळ की परेडची आठवण यावी. बहुतेक दगडांवर पलटणीचं चिन्ह, नाव, वय. बऱ्याच दगडांवर खाली घरच्यांनी निवडलेली ओळ. १९ वर्षं, २१ वर्षं, २० वर्षं. मी वयं वाचत गेलो, नंतर वाचवेना.

जर्मनांच्याही साडेचारशेहून अधिक कबरी याच आवारात आहेत. त्यांच्या दगडाचा माथा थोडा वेगळा आहे, पण फुलझाडं तीच, राखण तीच. शत्रूलाही अशी जागा दिलेली पाहून मी टोपी काढून उभा राहिलो. खडकीची युद्ध-दफनभूमी पाहिलेल्यांना इथला उंच दगडी क्रॉस आणि ही हिरवळ ओळखीची वाटेल.

त्याच उन्हाळ्यात, जुलै १९४४ मध्ये, आपले यशवंत घाडगे इटलीत लढताना पडले. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक, मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. कोकणात जाता-येता थांबून बघा, एवढी माझी विनंती.

*

वरच्या काकांच्या लिखाणात भर. दफनभूमीजवळच वार्ताहरांचं स्मारक आहे. १९४४ पासून जगभरात काम करताना मारल्या गेलेल्या पत्रकारांची नावं वर्षवार उभ्या पांढऱ्या दगडांवर आहेत. मी बातमीदार आहे. काही वर्षांचे दगड भरगच्च आहेत. मला तिथे फार वेळ थांबता आलं नाही.

*

आम्ही बायोला मुक्काम करून उत्तरेला साधारण दहा किलोमीटरवरच्या आरोमाँशला गेलो. वडील बरोबर होते, वय ७८, आयुष्य मुंबई बंदरात काढलेलं. बायो ७ जून १९४४ ला, म्हणजे दोस्त राष्ट्रांचं सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, फारशी पडझड न होता मुक्त झालं. १४ जूनला फ्रेंच नेते द गॉल तिथे येऊन बोलले. पण एवढ्या सैन्याला रसद पुरवायला बंदर हवं, आणि बंदरं जर्मनांच्या ताब्यात. म्हणून काँक्रीटचे अजस्र पोकळ ठोकळे इंग्लंडात बांधले, समुद्रातून ओढत आणले आणि इथे बुडवून बंदर उभं केलं.

सकाळी भरती होती, लांबवर काळे ठिपके दिसत होते. बाबा म्हणाले, “ओहोटी लागू दे.” बाकावर बसून राहिलो, बरोबर आणलेला चिवडा खाल्ला. दुपारी पाणी हटलं आणि ते ठोकळे वाळूत उघडे पडले, शेवाळानं हिरवे, शिंपल्यांनी मढलेले. बाबा एकाजवळ चालत गेले, त्यावर हात ठेवला, मग मागे समुद्राकडे वळून अंतर मोजल्यासारखं बघत राहिले. “ह्या वाऱ्यात ओढून आणलं,” इतकंच म्हणाले. परतायची वेळ झाली तरी मी त्यांना हाक मारली नाही.