इन्फेक्शन बरं झालं, पण सासूबाईंच्या हातापायांत ताकदच नाही. हा लकवा आहे का?

सुदामानगरची सून, इंदूर
सासूबाईंचं वय ६८, शुगर जुनी. लघवीचं इन्फेक्शन रक्तात गेलं, थेट आयसीयू. ताप उतरला, रिपोर्ट सुधारले, तरी व्हेंटिलेटर सुटता सुटेना. आता घरी आणलंय. बोलणं खणखणीत, पोह्यांवर जीरावण कमी पडलं तर लगेच ऐकवतात. पण चमचा तोंडापर्यंत जात नाही, पायातली चप्पल गळून पडते. दोन्हीकडे सारखंच. येणारेजाणारे लकवा म्हणतात, चुलत सासरे म्हणतात मनावर घेत नाहीत. मेंदूचा स्कॅन साफ आहे. एनसीव्हीच्या (नसांतून निरोप कसा जातो त्या तपासणीच्या) रिपोर्टवर ‘अ‍ॅक्सोनल’ लिहिलंय. सुट्टी देताना कोणी धड समजावलं नाही.

रिटायर्ड फिजिओ, लोकमान्यनगर
ताई, लकवा बहुतेक एका बाजूला धरतो. दोन्हीकडे सारखी कमजोरी, चेहरा शाबूत, व्हेंटिलेटर सुटायला उशीर, ही सगळी लक्षणं आयसीयूनंतरच्या नसा-स्नायूंच्या आजाराची वाटतात. पक्कं निदान न्यूरोलॉजिस्टच करतील. कॅनडाच्या डॉ. बोल्टन यांनी १९८४ साली असे पाच रुग्ण नोंदवले, तेव्हापासून याला स्वतंत्र नाव मिळालं: क्रिटिकल इलनेस पॉलिन्यूरोपॅथी.

सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शन असं रक्तात भिनलं की, सगळ्या अंगात दाह पेटतो. नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या गळू लागतात, नसेला सूज येते, प्राणवायू कमी पडतो. वाढलेली शुगर त्यात भर घालते. स्नायूंचं दुखणं वेगळंच: त्यातलं मायोसिन हे प्रथिन झपाट्याने झडतं, आणि पेशीच्या पडद्यावरचे सोडियमचे मार्ग नीट उघडत नाहीत, म्हणजे नसेचा निरोप पोचला तरी स्नायू हलत नाही. श्वासाचा पडदाही स्नायूच, म्हणून व्हेंटिलेटर अडला असणार. मनावर घेण्या न घेण्याचा इथे संबंध येतोच कुठे?

‘अ‍ॅक्सोनल’चं सांगतो. नस म्हणजे विजेची तार समजा. तारेवरचं वेष्टण खराब झालं की निरोप मंदावतो, नेहमीच्या जीबीएसमध्ये (गिलियन-बारे सिंड्रोम, नसांचा दुसरा आजार) तसं होतं. इथे आतलं तांबंच, म्हणजे नसेतला अ‍ॅक्सॉन, झिजलंय, त्यामुळे वेग जवळपास ठीक पण निरोपाचा जोर कमी. रिपोर्टमध्ये ‘अँप्लिट्यूड’चा रकाना बघा.

स्नायू त्या मानाने लवकर भरतात. नस मात्र दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, तेव्हा गुडघ्यापासून पावलापर्यंतचा हिशोब तुम्हीच करा. पलंगाच्या कडेला पाय टेकवून बसवा, थोडं थोडं, दिवसातून बऱ्याचदा. दमल्या की थांबा. पाऊल खाली लोंबकळत असेल तर घोट्याला स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी. प्रथिनं वाढवायची, पण आधी किडनीचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून. आणि गरम पाण्याची पिशवी पायांना अजिबात नको. संवेदना कमी असेल तर भाजलेलं कळणारही नाही.

ग्वाल्हेरची डॉक्टर
काकांनी बरोबर सांगितलं. एवढंच जोडते: सुधारत असताना ताकद पुन्हा घटली, धाप लागली, गिळताना ठसका लागला किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. तेव्हा कारण दुसरंच असू शकतं.

सुदामानगरची सून
काका, स्प्लिंट रात्रीही ठेवायचं का? त्यांना टोचतं म्हणतात.

रिटायर्ड फिजिओ
टोचतं म्हणजे माप चुकलंय, बदलून घ्या. आत सुती मोजा घाला आणि काढल्यावर टाच रोज बघा. लाली तशीच राहिली तर ते स्प्लिंट बंद.