लाल कंबरेचा सोनपाठी सुतार नेमका ओळखावा कसा?

प्रश्न: रानवाटा

गेल्या आठवड्यात पश्चिम घाटातील एका दमट, दाट जंगलात ऐनाच्या खोडावर एक सोनपाठी सुतार पाहिला. पाठ सोनेरी, गाल पांढरे आणि शेपटीच्या वरचा कंबरेचा भाग ठळक लाल होता. डोक्यावर लाल तुरा नसल्यामुळे ती मादी असावी, एवढे मला समजले. मात्र सोबत असलेल्या तिघांनी तीन वेगवेगळी नावे सांगितली. एकाने नेहमीचा सोनपाठी, दुसऱ्याने तीन बोटांचा सोनपाठी, तर तिसऱ्याने मोठा सोनपाठी असल्याचे ठामपणे सांगितले. माझ्याकडे दोन छायाचित्रे आहेत. एकात पक्ष्याची पाठ आणि मान दिसते, दुसऱ्यात चेहऱ्याची बाजू दिसते. पाय खोडाच्या सालीत लपल्यामुळे बोटे मोजता येत नाहीत. अशा वेळी कोणत्या खुणांवर विसंबावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: ढोलीतला पिंगळा

तिघांपैकी पहिल्याचे म्हणणे लगेच बाजूला ठेवता येईल. आपल्या वस्त्यांमधून, बागांमधून आणि माळावरच्या विरळ झाडांवरून खिंकाळल्यासारखा ओरडत जाणारा जो नेहमीचा सोनपाठी आहे, त्याची कंबर काळी असते आणि गळाही काळा असून त्यावर बारीक पांढऱ्या रेघा असतात. गळा आणि कंबर दोन्ही काळी असणारा सोनेरी पाठीचा सुतार भारतात हा एकच आहे. आपल्या पक्ष्याची कंबर लाल होती म्हणजे तो हा नव्हे.

एक अवांतर गोष्ट सांगतो. पश्चिम घाटातील याच पक्ष्याची उपजात पाठीवर काहीशी हिरवट छटेची असून तिच्या काळ्या गळ्यावरचे ठिपके बारीक असतात. १९३४ साली तिचे वर्णन झाले, तेव्हा तिला सालिम अली यांच्या पत्नी तेहमिना यांचे नाव देण्यात आले. त्यामुळे घाटात काळ्या कंबरेचा पण थोडा मळकट सोनेरी पक्षी दिसला, तर तो आजारी आहे किंवा पिल्लू आहे असे समजू नये.

उत्तर: शेवरीची फांदी

वरील उत्तराशी सहमत आहे. आता उरतात ते दोघे, आणि खरी गडबड त्यांच्यातच होते. पुस्तकात पहिली खूण बोटांची दिलेली असते, म्हणजे एकाला तीन आणि दुसऱ्याला चार. प्रत्यक्ष जंगलात ती खूण क्वचितच उपयोगी पडते, कारण पक्षी खोडाला चिकटलेला असताना मागचे बोट दिसतच नाही. मी स्वतः बोटे मोजण्याच्या नादात अनेकदा पक्षी गमावला आहे. त्यापेक्षा डोके पाहावे, असे माझे मत आहे.

चोचीच्या मुळापासून गालाखालून मानेकडे जाणारी जी काळी रेघ असते, तिला आपण मिशी म्हणू. तीन बोटांच्या पक्ष्यात ही मिशी एकच, सलग आणि जाड असते. मोठ्या सोनपाठीत तीच रेघ दुभंगलेली असते, म्हणजे दोन बारीक काळ्या रेघा आणि त्यांच्या मधोमध पांढरी फट दिसते. दुसरी खूण मानेच्या मागे आहे. तीन बोटांच्या पक्ष्याची मान मागून काळी असते, तर मोठ्याची पांढरी असून तिला दोन्ही बाजूंनी काळी किनार असते. आपले पहिले छायाचित्र नेमके याच कोनातून असल्याने ते अधिक मोलाचे आहे.

मादी असल्यामुळे तिसरी खूणही हाती येते. तीन बोटांच्या मादीच्या काळ्या डोक्यावर पांढऱ्या लांबट रेघा असतात, मोठ्याच्या मादीच्या डोक्यावर गोल पांढरे ठिपके असतात, जणू काळ्या कापडावर कोणी तांदळाच्या पिठाचे बोट टेकवले आहे. डोळा फिकट आणि चोच जवळजवळ डोक्याइतकी लांब वाटली, तर तो मोठा सोनपाठीच समजावा. आकाराचा अंदाज मात्र घेऊ नये, कारण एकट्या पक्ष्याचे २८ आणि ३३ सेंटीमीटर वेगळे ओळखणे अनुभवी माणसालाही जमत नाही.

हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलांत हे नियम जरा जपून लावावेत, कारण तिथल्या तीन बोटांच्या हिमालयी सोनपाठीची मिशीही दुभंगल्यासारखी दिसते. तिच्या मधली जागा मात्र तपकिरी असते.

उत्तर: जुनी दुर्बीण

खुणांबद्दल वर नेमकेपणाने लिहिले गेले आहे, म्हणून मी वेगळ्या बाजूने भर घालतो. नेहमीचा सोनपाठी व तीन बोटांचा सोनपाठी एका प्रजातिगटातले आहेत आणि मोठा सोनपाठी दुसऱ्या. दिसायला ते भावंडांसारखे असले, तरी जनुकीय अभ्यासातून असे दिसून आले आहे की मोठा सोनपाठी आणि त्याचे सगे हे अमेरिका खंडातील थोराड काळ्या-पांढऱ्या सुतारांना अधिक जवळचे आहेत, तर आपल्या अंगणातला सोनपाठी हिरव्या सुतारांच्या गोतावळ्यातला आहे. सोनेरी पाठ ही दोन्ही घराण्यांत स्वतंत्रपणे आली. लहान पक्ष्याने दांडग्या पक्ष्यासारखे दिसल्यास त्याला खाण्याच्या जागी कमी हुसकावले जात असावे, असा एक तर्क मांडला जातो. मला तो पटण्यासारखा वाटतो, पण तो अजून तर्कच आहे.

त्या तर्काला बळ देणारी गोष्ट श्रीलंकेत दिसते. तिथल्या दक्षिण भागात लहान गटातला पक्षी लाल पाठीचा आहे आणि त्याच बेटावरचा मोठ्या गटातला पक्षीही किरमिजी पाठीचा आहे. म्हणजे रंग बदलला तो दोघांनी मिळून बदलला! त्यांना वेगळे करण्यास चोच पुरते, कारण मोठ्याची चोच फिकट आणि लहानाची काळी असते. बेटाच्या उत्तरेस मात्र लहान पक्षी आपल्यासारखाच सोनेरी आहे, आणि जिथे उत्तर व दक्षिण भेटतात, तिथे दोघांच्या संकरातून नारिंगी पाठीचे पक्षी आढळतात.

नावाबद्दल एक सूचना. पश्चिम घाटातील मोठ्या सोनपाठीला आता काही वर्गीकरणांत स्वतंत्र प्रजाती मानतात, त्यामुळे जुन्या आणि नव्या यादीत नाव वेगळे आढळल्यास गोंधळून जाऊ नये.

रानवाटा (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे दोन्ही छायाचित्रे मोठी करून पाहिली. मानेचा मागचा भाग पांढरा आहे आणि त्याला काळी किनार स्पष्ट दिसते. चेहऱ्याच्या छायाचित्रात गालाखाली दोन रेघा आहेत. त्यातली खालची रेघ मी इतके दिवस सावली समजत होतो. डोक्यावर रेघा नाहीत, गोल ठिपके आहेत. मोठ्या सोनपाठीची मादी म्हणून नोंद करतो. तिसरा सोबती बरोबर होता, हे त्याला आजच कळवावे लागेल.

शेवरीची फांदी

ठिपके इतके स्वच्छ दिसत असतील, तर शंकेला जागा नाही. नोंदीसोबत मानेचे छायाचित्र आवर्जून जोडा, चेहऱ्याचे नाही जोडले तरी चालेल.