चौदा वर्षांच्या मुलाबरोबर पुस्तक वाचून त्यावर लिहायचं आहे, कसं जमवता?

खिडकीजवळची_खुर्ची

मुलगा चौदाचा आहे. लहानपणी रोज रात्री मी त्याला वाचून दाखवायचे. अकराव्या वर्षी "आता माझं मी वाचतो" म्हणाला, म्हणून थांबले. गेल्या दोन वर्षांत त्याचं वाचन जवळजवळ बंदच पडलं. मग मी सुचवलं की दोघांनी एकच पुस्तक वाचू आणि शेवटी मिळून परीक्षण लिहू. लगेच हो म्हणाला! पुस्तकही त्यानंच निवडलं, जहाज बुडाल्यावर एका बेटावर अडकलेल्या दोन भावांचं.

दर प्रकरणानंतर मी विचारायचे, "मग, काय वाटलं?" दोनदा भरभरून बोलला. नंतर नुसतं "छान आहे". मग पुस्तक दप्तराखाली दडपलेलं दिसायला लागलं. शेवटी लिहायला बसलो तेव्हा त्यानं चार ओळी लिहिल्या, त्या मलपृष्ठावरच्याच होत्या. मी ते बोलून दाखवलं. तेव्हापासून तो विषयच काढत नाही. मला हे सोडून द्यायचं नाहीये. कुणी केलंय का असं?

जुनी_वही

ताई, माझा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. आमची वही साडेतीन वर्षं चालू आहे आणि तिच्यात एकवीस पुस्तकं आहेत. त्यातली सहा अर्धवट सोडलेली, पण त्यांच्यावरही लिहिलंय.

तुमच्या प्रश्नातल्या 'मिळून' या शब्दापाशी मी अडलो. मिळून लिहायचं ठरलं की कागदावर उतरतं ते मोठ्या माणसाचं मत. आमच्या पहिल्या दोन परीक्षणांत त्याचं एकही वाक्य नव्हतं, फक्त अक्षर त्याचं होतं. म्हणून आम्ही पानं वेगळी केली. डावं त्याचं, उजवं माझं. दोघांनी सुट्या कागदावर लिहायचं आणि दोघांचं झाल्यावरच चिकटवायचं, म्हणजे आधी डोकावता येत नाही. गोष्ट सांगायची नाही, कारण दोघांनीही ती वाचलेली असते. गोष्ट वगळली की मलपृष्ठ उपयोगाचं राहत नाही, आपलं आपल्यालाच लिहावं लागतं. आणि पुस्तक खाली ठेवावंसं कुठं वाटलं, तो पान नंबर लिहायचा. एका कादंबरीत त्याचा आकडा होता ६२ आणि माझा १४०. त्या दोन आकड्यांवर आम्ही तासभर बोललो. 'काय वाटलं' विचारून तेवढं बोलणं कधी झालं नव्हतं.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. आम्ही एस. ई. हिंटन यांची 'द आउटसायडर्स' वाचली. त्यानं लिहिलं, "या माणसाला मारामारीआधीची भीती नीट माहीत आहे." मी लिहिलं होतं की पुस्तकात मोठी माणसं जवळजवळ नाहीतच आणि ती उणीव आहे. चिकटवून झाल्यावर लेखकाची माहिती शोधली, तर ती लेखिका निघाली. पंधराव्या वर्षी तिनं ही कादंबरी लिहायला घेतली. १९६७ मध्ये कादंबरी छापून आली तेव्हा लेखिका अठरा वर्षांची होती. बाई म्हणून पुरुष परीक्षकांनी पुस्तक बाजूला सारू नये, यासाठी प्रकाशकांनी नावाची आद्याक्षरंच छापली होती. मुलानं आपलं वाक्य खोडलं नाही. खाली लिहिलं, "पंधराव्या वर्षी!" आणि माझ्या पानाच्या समासात, "मोठी माणसं नाहीत म्हणूनच ते खरं वाटतं." माझं मत आजही पूर्ण बदललेलं नाही, पण त्या ओळीनंतर मी ते पुस्तक पुन्हा वाचलं.

आता माझी चूक. पहिल्याच वर्षी मी त्याच्या पानावर ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, तेही लाल पेनानं. वही चार महिने बंद राहिली. मी माफी मागितली, त्यानं "असू दे" म्हटलं, पण लिहिलं काहीच नाही. मग एका रात्री त्याच्याच वयात मला आवडलेल्या एका पुस्तकावर मी लिहायला बसलो. ते का आवडलं होतं ते खरंखरं लिहिलं. त्या वर्षी माझे वडील आणि मी एकमेकांशी बोलत नव्हतो आणि त्या पुस्तकातला बाप बोलायचा. पान चिकटवलं, वही नेहमीच्या जागी ठेवली, त्याला काही सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी डाव्या बाजूला त्याचं पान होतं. तोवर मी फक्त त्याचं मन उघडायला सांगत होतो, स्वतःचं झाकून.

कपाट_क्रमांक_तीन

मी वाचनालयात काम करते, म्हणून थोडं. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक हे शिक्षक होते. १९९२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी वाचकाचे दहा हक्क मांडले. पानं गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा, आणि अगदी शेवटचा, वाचलेल्यावर गप्प राहण्याचा. परीक्षण लिहायला बसताना हा दहावा हक्क जरूर आठवावा.

मुलगा वाचत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. 'पिसा' ही पंधरा वर्षांच्या मुलामुलींची आंतरराष्ट्रीय चाचणी असते. २०१८ च्या चाचणीत ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या गटात मुली वाचनात मुलांपेक्षा सरासरी ३० गुणांनी पुढे होत्या. हे घरोघरी आहे. आणि शक्य असेल तर दोन प्रती घ्या. एकाच प्रतीत आईची खूण पुढे गेलेली दिसली की त्याला मागे पडल्यासारखं वाटतं.

एकोणीस_पूर्ण

मी त्या मुलाच्या जागी होतो, म्हणून लिहितोय. मीही पुस्तक लपवायचो. कंटाळा आला म्हणून नाही. त्यात कुत्रा मरतो त्या पानावर मी रडलो होतो, आणि आई नेमकं त्याच दिवशी म्हणाली, "काय वाटलं?" मला ते सांगता येत नव्हतं. तिनं "त्या मुलानं दार उघडायला हवं होतं का?" असं विचारलं असतं तर मी बोललो असतो. पुस्तकातल्या माणसाबद्दल बोलताना स्वतःबद्दल बोलता येतं.

आणखी एक, कृपा करून ऐका. माझं एक परीक्षण आईनं कौतुकानं घरच्या ग्रुपवर टाकलं. त्यानंतर मी तिच्यासाठी एकही लिहिलं नाही. त्याला विचारल्याशिवाय त्याचं पान कुणालाही दाखवू नका.

खिडकीजवळची_खुर्ची

सगळ्यांचं दोनदा वाचलं. मलपृष्ठाबद्दल मी त्याला लागेल असं बोलले, त्याची माफी मागितली. काल त्याच बेटाच्या पुस्तकावर फक्त माझं पान लिहिलं आणि वही टेबलावर ठेवली. पान ५८ ला माझं मन उडालं होतं, तेही लिहिलं.

आज बूट घालताना तो म्हणाला, "अठ्ठावन्न? मला तर तिथूनच आवडायला लागलं होतं." मी पुढे काही विचारलं नाही. डावी बाजू अजून कोरी आहे.